नसीमबानोचा तास

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत सुभद्राबाई अकरा वर्षं शरीरशास्त्र शिकवत होत्या. हृदयाचे चार कप्पे त्या हात न उचलता फळ्यावर काढत. शुद्ध रक्त तांबड्या खडूनं, अशुद्ध रक्त निळ्या खडूनं. मुली ते वहीत उतरवून घेत आणि तास संपला तरी फळा पुसू देत नसत. अमरावतीला इंटर झाल्यावर त्यांची आई गेली, राजापेठेतलं घर अंगावर पडलं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. पण फळ्यासमोर उभं राहिलं की आपल्याला काही कमी आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

एकसष्ट सालच्या जूनमध्ये नसीमबानो आली. मूळची बाळापूरची, वय चोवीस, आणि ज्या कॉलेजातून सुभद्राबाईंना निघावं लागलं होतं तिथूनच बी.एस्सी. होऊन आलेली. मुख्याध्यापिका दुर्गाबाईंनी मॅट्रिकचा वर्ग तिला दिला. वरच्या वर्गाला पदवीधर बाई हव्यात असं वरून पत्र आलं आहे, असं त्यांनी सुभद्राबाईंना चहा पाजून सांगितलं. सुभद्राबाईंनी मान हलवली. चहा मात्र तसाच राहिला.

पहिल्याच आठवड्यात नसीमबानोनं मॅट्रिकच्या मुलींना मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या. मग एकमेकींची नाडी मोजायला सांगितली. पपईच्या देठाच्या नळ्या करून चुन्याच्या निवळीत फुंकायला लावलं, तशी निवळी दुधासारखी पांढरी झाली. पळून आलेल्या मुलीच्या फुंकरीनं ती लवकर पांढरी होत होती, बसून राहिलेलीच्या फुंकरीनं उशिरा. खाल्लेली भाकर शरीरात प्राणवायूच्या मदतीनं जळते, ज्वाळा दिसत नाही, पण ऊब येते आणि पळायला बळ येतं. जास्त पळाल तर जास्त जळतं, म्हणून धाप लागते. हे सगळं ती बाहेर निंबाखाली उभी राहून सांगत होती. शेजारच्या खोलीत सुभद्राबाई नववीला नाकापासून फुप्फुसापर्यंतचा मार्ग शिकवत होत्या आणि वर्गातल्या निम्म्या माना खिडकीकडे वळलेल्या होत्या. पंचफुला नावाची हुशार मुलगी तर स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून ओठांनी आकडे मोजत होती. सुभद्राबाईंनी तिला उभं केलं आणि तास संपेपर्यंत बसू दिलं नाही. घरी गेल्यावर त्यांना ते आठवलं. वाईट वाटायच्या ऐवजी नसीमबानोचाच राग आला.

पुढे तो राग वाढतच गेला. नसीमबानो 'ताई, ताई' करत शंका विचारायला यायची, डब्यातली खिचडी पुढे सरकवायची. ही मुद्दाम गोड वागते, असं सुभद्राबाई मनाशी म्हणायच्या. ती मुद्दाम वागत नाही हेही त्यांना कळत होतं, आणि राग तर त्याचाच जास्त यायचा.

सप्टेंबरात तपासणीचे साहेब यायचे ठरले. नसीमबानोनं बकऱ्याचं फुप्फुस श्वासनलिकेसकट आणायचं आणि सायकलच्या पंपानं फुगवून दाखवायचं ठरवलं. तिचे मामू इनायतुल्ला यांचं मटणाचं दुकान होतं. पालक कुरकुर करतील, शाळेत असलं काही नको, असं सुभद्राबाईंनी दुर्गाबाईंना सांगून पाहिलं. दुर्गाबाई म्हणाल्या की मागच्या ओसरीवर करू, आणि विषय संपवला.

तपासणीच्या दिवशी सकाळी सुभद्राबाई लवकर आल्या. ओसरीवर तामचिनीच्या घमेल्यात, ओल्या फडक्याखाली फुप्फुस ठेवलेलं होतं. आसपास कुणी नव्हतं. हजेरीपट शिवायचं दाभण हस्तकलेच्या कपाटात असे. त्यांनी ते आणलं, फडकं वर केलं आणि डाव्या फुप्फुसात पाच-सहा वेळा खुपसलं. मऊ होतं ते, काही आवाज झाला नाही. दाभण पुसून त्यांनी परत जागेवर ठेवलं आणि प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

साहेब खुर्चीवर बसले. नसीमबानोनं रबरी नळी श्वासनलिकेत घालून दोऱ्यानं घट्ट बांधली आणि पंप दाबला. उजवं फुप्फुस गुलाबी होत फुगलं, पाहता पाहता दुप्पट झालं. डावं थोडं उठायचं आणि सुस्कारा टाकून खाली बसायचं. दोनदा झालं, तीनदा झालं. मागच्या मुली खुसखुसल्या. नसीमबानोचे कान लाल झाले. थांबून तिनं बादली मागवली, डावं फुप्फुस पाण्यात बुडवून पुन्हा पंप दाबला, तसे पाच-सहा ठिकाणांहून बुडबुडे वर आले. छातीत जखम झाली की माणसाचं असंच होतं, तिनं मुलींना सांगितलं. हवा आत घेतो, पण ती टिकत नाही, मग रक्ताला प्राणवायू मिळायचा कुठून. साहेबांनी शेरा चांगला लिहिला. सुभद्राबाईंच्या वाट्याला आलेल्या नववीत ते आलेच नाहीत.

ती गोष्ट तिथंच मिटली असती. पण दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत इनायतुल्ला मामू शाळेच्या फाटकाशी आले. आत यायला संकोचत होते. नसीमबानो त्यांना घरी बोलली होती, की तुमची सुरी लागली आणि चारचौघांत माझी फजिती झाली. म्हातारा माणूस, टोपी काढून हातात धरून उभा.

"बेटी, तीस साल झाले मले या धंद्यात," ते म्हणाले. "सुरी लागली तर चीर पडते. तू सांगतेस तशी गोल भोकं पडत नाहीत. माझ्या हातून नाही झालं ते."

नसीमबानो त्यांना समजावत होती, पण तिचा विश्वास बसलेला नाही हे दिसत होतं. मामू टोपी घालून निघून गेले. व्हरांड्यात उभ्या असलेल्या सुभद्राबाईंनी सगळं ऐकलं. डबा न उघडताच त्या तिच्याजवळ गेल्या.

"ते मी केलं," त्या म्हणाल्या. "दाभणानं."

नसीमबानो फाटकाकडून त्यांच्याकडे वळली.

"काहून, ताई?"

मुली तुझ्याकडे पाहतात म्हणून, एवढंच सुभद्राबाई बोलल्या.

"मी मामूंना नको ते बोलले," नसीमबानो म्हणाली. "तुम्ही जाऊन सांगा त्यांना. आणि मले आता काही दिवस बोलू नका."

सुभद्राबाई त्याच संध्याकाळी दुकानात गेल्या. मामूंनी ऐकून घेतलं, ओटा पुसणं थांबवलं नाही, आणि फक्त एवढं म्हणाले की बरं झालं बाई, कळलं. दुर्गाबाईंना कुणी काही सांगितलं नाही. नसीमबानोनंही नाही. परतताना सुभद्राबाईंना वाटलं, तिच्या जागी आपण असतो तर सगळ्या शाळेला सांगितलं असतं. तिच्या गप्प राहण्याचाही त्यांना हेवा वाटला.

तीन आठवडे दोघींत शब्द नव्हता. खिचडीचा डबा आता दुसऱ्या टेबलावर उघडायचा. मग एके दिवशी सुभद्राबाईंनी चिठ्ठी लिहून विचारलं, की मोकळ्या तासाला मी मॅट्रिकच्या वर्गात मागे बसू का. नसीमबानोनं हजेरी मांडता मांडता चिठ्ठीवर 'हो' लिहून परत दिली.

त्या दिवशी बकऱ्याचं हृदय उभं चिरलेलं होतं आणि मुली टेबलाभोवती वाकल्या होत्या. सुभद्राबाई मागच्या बाकावरून उठून जवळ गेल्या. हृदय एवढ्या जवळून त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. एक भिंत बोटभर जाड होती, दुसरी पातळ. असं का, हे कुठल्याच मुलीनं विचारलं नाही. मुलींसमोर विचारायचं म्हणजे मला येत नाही असं म्हणणं, आणि ते या पोरीसमोर.

"डावी भिंत एवढी जाड काहून?" त्यांनी विचारलं.

मुली वळून पाहू लागल्या. नसीमबानोनं चिमटा खाली ठेवला. उत्तर तिनं सुभद्राबाईंकडे न पाहता मुलींनाच दिलं, की उजव्या बाजूला रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंतच ढकलायचं असतं, डावीला पायाच्या अंगठ्यापर्यंत. मग जराशानं म्हणाली, "बोट लावून पाहा, ताई. कळंल."