दगडातला मासा आणि पंचवीस हजार दोनशे वर्षं

छिन्नीवर शेवटचा ठोका बसला, दगड थरावरून अलगद सुटला आणि मिस्तरींच्या तोंडून "अरे बाप रे!" निघालं. आत मासा होता. वीतभर लांब, काटा न् काटा शाबूत, शेपटी जराशी वळलेली.

तीस वर्षं दगड फोडणाऱ्या माणसाला असला मासा नवा नव्हता, पण एवढा अख्खा कधी मिळाला नव्हता. मिस्तरींनी हात पुसले, लादी पाण्यानं धुतली आणि तडक गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणजे त्यांच्या साप्ताहिक सभेचे उपदेशक. ग्रंथात जे लिहिलंय ते शब्दशः खरं, यावर दोघांचं अगदी एकमत. पिढ्यांचा हिशेब मांडून पृथ्वी सात हजार वर्षांची, हे मिस्तरींना पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि सगळं जग बुडवणारा तो महापूर? त्याचाच तर हा मासा!

"पुराव्याला आणखी काय हवं?" गुरुजी फोनवरच आनंदले. "पुढच्या सभेत भिंतीत बसवू. खाली तुम्हीच कोरा: महापुरातला मासा, वय अमुक इतकी वर्षं."

मिस्तरी खुशीत घरी आले. तिथं थोरली लेक आली होती. ती भूगर्भशास्त्र शिकवते, त्यामुळे बापलेकीच्या जेवणात मिठाइतकाच वाद असतो.

"बाबा, मासा झकास आहे. पण वय कोरू नका."

"का? ग्रंथापेक्षा तुझं पुस्तक मोठं?"

"माझं पुस्तक ठेवा बाजूला. दगड तुमचा आहे ना? मग त्यालाच विचारा. उन्हाळ्याची एक फिकी रेघ, हिवाळ्याची एक काळी रेघ, मिळून एक वर्ष. आमच्या लोकांनी तुमच्या खाणीत ते तपासलंय. मोजा आणि मला सांगा."

मिस्तरींना ते झोंबलं. दगडाबाबतीत कुणी आपल्याला आव्हान द्यावं, आणि तेही जिला आपण चालायला शिकवलं तिनं! दुसऱ्या दिवशी सकाळीच ते भिंग आणि सुई घेऊन कामाला लागले. एक सेंटिमीटरमध्ये तेरा जोड्या भरल्या. दुसरीकडे पंधरा. तिसरीकडे चौदा. मग ते खाणीवर गेले, टेप सोडून रेघांच्या कड्याची उंची मापली. अठरा मीटर. सेंटिमीटरला सरासरी चौदा धरून पाटीवर खडूनं गुणाकार केला. उत्तर आलं पंचवीस हजार दोनशे.

त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा गुणाकार केला. आकडा काही ऐकेना.

"आणि ही नुसती गाळ साचायला लागलेली वर्षं," संध्याकाळी थोरली म्हणाली. "त्यानंतर दगड व्हायला, वर यायला..."

"पुरे! एका दिवसात एवढंच."

गुरुजींकडे उत्तर तयार होतं. ते वर्कशॉपमध्ये आले, लादीवर हात फिरवून म्हणाले, "मिस्तरी, महापूर तो! सगळे थर चाळीस दिवसांत बसले. त्यात काय अवघड?"

मिस्तरींना हायसं वाटलं. पण करवतीशेजारच्या टाकीत दगडाचा गाळ रोज बसतो, तो ते रोज उपसतात. एकदा ढवळलं की खाली भरड, वर बारीक, आणि झाला एक थर. हजार थर हवे असतील तर हजारदा ढवळावं लागेल. हे गुरुजींना सांगावं की नाही, या विचारात ते असतानाच बायको डबा घेऊन आत आली. कोपऱ्यात त्याच खाणीतली दुसरी लादी होती, तिच्यावर पक्ष्याची इवलीशी पावलं एकापुढे एक उमटलेली. तिनं ती निरखून पाहिली.

"अहो, सगळं जग बुडालेलं असताना हा पक्षी इथं फिरायला कुठून आला?"

गुरुजी वाकून पावलं बघू लागले. मिस्तरींनी डब्याचं झाकण काढलं, परत लावलं.

त्या आठवड्यात मिस्तरी नीट जेवले नाहीत. थोरलीला वाटलं, आपण जिंकलो म्हणून रागावलेत. सभेच्या आदल्या संध्याकाळी ती त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"बाबा, चिडलात?"

"चिडलो नाही गं. घाबरलोय." मिस्तरी हळू आवाजात म्हणाले. "एक आकडा सुटला तर बाकीचं सगळं सुटतं का? माझी आई गेली तेव्हा त्या ग्रंथानंच मला उभं केलं होतं. ते पण खोटं?"

थोरलीकडे एरवी उत्तराला तोटा नसायचा. आज ती म्हणाली, "मला नाही माहीत. पण तुम्ही उभे राहिलात, हे मी पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मिस्तरी उठले, घसा खाकरला.

"मासा खरा आहे. पाणीही खरंच होतं. पण हे थर मी स्वतः मोजलेत, ते सात हजारांत मावत नाहीत. ग्रंथ मी सोडणार नाही. खोटा आकडा मात्र माझ्या छिन्नीनं कोरणार नाही."

कुजबुज उठली. दोघं-तिघं उठून गेले. मागून कुणीतरी "लेकीनं बिघडवलं" असंही म्हणालं. गुरुजींचा चेहरा उतरला होता. पण थोड्या वेळानं तेच म्हणाले, "आकड्याचं मला पटलेलं नाही, मिस्तरी. त्यावर आपण भांडू, पुष्कळ भांडू. पण मासा बघायला लोक आलेत. तो तरी दाखवा."

मिस्तरींनी कापड काढलं. लोक रांगेनं पुढे आले. एका आजीबाईंनी चष्मा सावरून काटे बोटानं चाचपले आणि विचारलं, "खाऱ्या पाण्यातला की गोड्या?"

मिस्तरींनी दारापाशी उभ्या असलेल्या थोरलीकडे पाहिलं. "ये गं पुढे," ते म्हणाले, "तूच सांग यांना."