तिसऱ्या मजल्यावरची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. इजिप्तमधल्या फय्यूमच्या एका बाईनं खजुराच्या पानांपासून मला विणलं. पुढे अलेक्झांड्रियात आले आणि हजला जाऊन आलेल्या म्हाताऱ्या हाज्जा इन्शिराहच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सज्ज्यात राहिले. हाज्जा मला दोरीनं खाली सोडायची. खाली कुणी पाव ठेवायचं, कुणी टोमॅटो, की ती मला वर ओढून घ्यायची. इतक्या वर्षांत मला एवढं कळलं, की माणूस तोंडानं काय बोलतो त्यापेक्षा टोपलीत काय ठेवतो ते पाहावं.

वर काही आलं की मला रिकामी खाली पाठवायची नाही, हा हाज्जाचा नेम. निदान दोन लिंबं तरी ठेवायचीच.

मग साथ आली. दारं बंद झाली आणि माझा भाव वधारला. रोज सकाळी समाजसेविका नश्वा गल्लीत येई. हातात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी. ती माझ्यात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवी, हाज्जा तिला महशी पाठवी, म्हणजे भात भरलेली कोबीची पानं. महशीच्या दिवशी यादीत आमचं घर आपोआप पहिलं येई, हे मी पाहिलेलं आहे.

"हाज्जा, बरं आहे ना?"

"घोड्यासारखी ठणठणीत आहे! तूच काडी झालीयेस. खा आधी."

एके दिवशी नश्वानं पायरीवर बसून एक घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हाज्जा, मीठ किती घातलंत?"

"नेहमीएवढंच! माझ्या नवऱ्यानं जन्मात नावं ठेवली नाहीत, तू ठेवतेस?"

"चाखलं होतं?"

वरून बारीक आवाज आला, "तीनदा. अळणी लागलं, म्हणून घालत गेले."

"कांदा कापून नाकाशी धरा. वास येतो?"

"कांदाच शिळा आहे मेला!"

नश्वा हसली नाही. तिनं बोटाला लावायचं प्राणवायू मोजायचं यंत्र माझ्यात ठेवलं. वरून लगेच आकडा आला, "सत्त्याण्णव!"

"वा! अजून सेल घातलेलेच नाहीत, हाज्जा. ते माझ्या खिशात आहेत. तुम्ही हेच करणार, मला ठाऊक होतं."

"दवाखान्यात नेलेलं माणूस परत येत नाही, पोरी," हाज्जा कठड्याला धरून म्हणाली. "खालचा शाकिर गेला, त्याचे जोडे अजून दाराशी आहेत."

नश्वानं सेल वर पाठवले. या वेळी हाज्जानं यंत्र माझ्यातून खाली पाठवलं आणि खरा आकडा सांगितला. सत्त्याऐंशी.

"दवाखान्याच्या गाडीत मी तुमच्यासोबत बसते," नश्वा म्हणाली. "आत सोडणार नाहीत, पण रोज दुपारी फोन करीन, डॉक्टरांनाही पिडीन. आणि घरी आणायला मीच येईन."

"भोंगा वाजवायचा नाही. गल्लीत तमाशा नको."

"नाही वाजवणार."

हाज्जानं ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला आणि ती जिना उतरली. त्या घाईत मला वर घ्यायला ती विसरली.

अकरा दिवस मी वाऱ्यावर हेलकावत होते. बाराव्या दिवशी गाडी थांबली. नश्वाचा दंड धरून हाज्जा वर आली. प्रत्येक मजल्यावर टेकली, आणि टेकली की दवाखान्यातल्या मसुरीच्या सुपाला नावं ठेवायची. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

आता दारं उघडली आहेत. हाज्जा स्वतः बाजारात जाते, माझा तळ उसवला आहे, माझ्यात लसूण ठेवतात. माझी तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीत कुणी एकटं राहत असेल, तर "बरं आहे ना?" असं खालून ओरडून पुढे जाऊ नका. "बरं आहे" हे उत्तर सगळ्यांनाच पाठ असतं. जरा थांबा आणि आणखी एक प्रश्न विचारा.