गंगूबाईंचं कोरं मशीन

कंपनीत एक रीतच पडून गेली होती. नवा प्रोग्रॅम कुठलाही लिहा, पहिल्या ओळीत टीमप्रमुख मनीष सरांचं पॅकेज, म्हणजे त्यांच्या तयार कोडचं गाठोडं, इम्पोर्ट करायचं. आणि ज्यात त्यांचं पॅकेज, त्यात निर्माता म्हणून पहिलं नाव त्यांचं! त्या पॅकेजमागे आणखी सदतीस पॅकेजं वरातीसारखी यायची. पण ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर ती आधीच बसलेली असत, त्यामुळे कुणाला काही खुपत नसे.

क्षितिजाला खुपलं. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरला जोडायचं मराठी लेबलांचं ॲड-ऑन हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम होतं, आणि त्यावर तिला स्वतःचं नाव हवं होतं. कंपनीजवळच्या माण गावात ती गंगूबाईंकडे खोली घेऊन राहायची. आयटी पार्कात रान गेल्यावर गंगूबाईंनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला होता. त्याचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं, खंडेनवमीला हार तेवढा मिळायचा.

रविवारी क्षितिजानं त्या कोऱ्या मशीनवर ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलं, मग रीतीप्रमाणे सरांची ओळ घातलेलं आपलं ॲड-ऑन. वरातीतलं एक जुनाट पॅकेज मूळ सॉफ्टवेअरच्याच उरावर बसलं आणि सगळं बंद पडलं. तिनं ती पहिली ओळ उडवली. त्यातलं तिला लागत होतं ते वीस ओळींचं. ते तिनं स्वतः लिहिलं. पुन्हा बंद! आता चूक तिचीच होती. फॉन्टचं पॅकेज तिच्या लॅपटॉपवर होतं, म्हणून लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत ते लिहायचंच राहिलं होतं. तिनं कान पकडले, यादी पुरी केली, आणि लेबल उमटलं.

सोमवारी मनीष सर भडकले. "इतक्यांचं चालतं, तुझंच निराळं? माझं पॅकेज परत घाल, नाहीतर हे ग्रंथालयाकडे जाणार नाही."

"कोऱ्या मशीनवर लावून बघा, सर."

"आहे कुठे कोरं मशीन?"

नोकरी गेली तर गेली, असं तिच्या मनात आलं आणि तिला चक्क हलकं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत गेटवर रिक्षा थांबली. आत क्षितिजा, आणि मांडीवर मशीन घेतलेल्या गंगूबाई. वॉचमननं पास मागितला.

"कसला पास? हितं माजं भाताचं खाचर व्हतं," म्हणत गंगूबाई आत शिरल्यासुद्धा.

क्षितिजानं सगळ्यांदेखत मशीन पुसून कोरं केलं, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चढवलं. सरांनी आपली सीडी पुढे केली. "आधी माझं पॅकेज टाकू, मग तुझं."

गंगूबाईंनी मशीनच्या तोंडावर हात ठेवला. "रानात शिरलात तेवढं बास झालं. ह्याच्यात तुमचं काय बी जायचं न्हाई. पोरीचं लावा."

क्षितिजानं स्वतःची सीडी लावली. दोन मिनिटांत पडद्यावर लेबल आलं, स्वच्छ, एकही अक्षर न तुटता.

सरांनी मंजुरीच्या कागदावर सही केली. निर्मात्याच्या रकान्यात त्यांचं नाव सवयीनं आधीच छापलेलं होतं.

"पेन द्या, सर," क्षितिजा म्हणाली, आणि त्यांच्याच पेनानं तिनं ते खोडलं.