कोपऱ्यातला प्रश्न

मैदानाच्या फाटकाशी चौकीदाराची खोली आहे ना, तिच्या भिंतीवरचा काळा फळा बोलतोय मी. घाईत असाल तर पुढे व्हा. धावून आला असाल, तर पाय ताणता ताणता ऐका.

एका सुतारानं उरलेल्या फळीतून मला घडवलं. काळा रंग दिला आणि खडू ठेवायला खाली एक पट्टी ठोकली. काम एकच, फाटक कधी उघडतं आणि कधी बंद होतं ते सांगायचं. जन्म त्यातच जायचा होता. पण एके सकाळी वेळेच्या खाली कुणीतरी लिहिलं, ‘धावताना नडगी दुखते. काय करू?’ संध्याकाळी निराळ्या अक्षरात उत्तर आलं, ‘चार दिवस विसावा घ्या. बूट झिजलेत का तेही बघा.’ तेव्हापासून मला खरं काम लागलं.

इथं धावणारे कुणी नावाजलेले खेळाडू नाहीत. पोट सुटलेले, चष्मेवाले, ड्यूटी संपवून थेट आलेले. कुणी पहाटे येतं, कुणी दिवेलागणीला. कित्येकांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत. ओळख ती अक्षराची. नियम एकच, तोही कुणी घातलेला नाही, आपसूक पडलेला: प्रश्न ज्यानं लिहिला, त्यानंच पुसायचा. अडचण सुटली की यायचं आणि पुसायचं. तोवर चौकीदारसुद्धा ओलं फडकं जपून फिरवतो.

माझ्या उजव्या कोपऱ्यातला एक प्रश्न मात्र दोन वर्षं तसाच होता. ‘बेचाळीस किलोमीटर. बत्तिसाव्यावर बसलो. काय चुकतं?’ आणि त्याखाली पुढच्या वर्षीच्या शर्यतीनंतर लिहिलेलं, ‘यंदाही.’ अक्षर बारीक, शिंप्याच्या चपट्या खडूचं. पुसट झालं की शिंपीमास्तर स्वतःच ते पुन्हा गिरवायचे.

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे. दिवसभर मशीनवर वाकलेले, पहाटे इथं. एकदा त्यांच्या बायको बोलवायला आल्या, तेव्हा त्या कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, “लोकांच्या विजारी बरोबर मापाच्या करता, तुमचंच अंतर तेवढं पुरं होईना.” मास्तर हसले. पण त्या गेल्यावर खडू काढून ती ओळ पुन्हा गिरवली.

गंमत बघा, दुसऱ्यांना सांगण्यात हा माणूस पक्का. एकदा गोल गोल अक्षरात कुणीतरी लिहिलं, ‘पाचशे मीटरवर दम लागतो. माझ्यानं होईल का?’ मास्तरांनी खाली लिहिलं, ‘बोलता येईल इतक्याच वेगानं पळा. लाज वाटेल इतकं हळू. पुढच्या खांबापर्यंत जा. मग पुढचं पुढे.’ आणि रोज सकाळी विचारायचे, ‘काल किती खांब?’ संध्याकाळी गोल अक्षर सांगायचं, ‘सात.’ ‘अकरा.’ ‘आज तीनच, रडू आलं.’ त्याखाली मास्तर, ‘तीन तर तीन. रडत का होईना, गेलात.’

त्या होत्या नर्सताई. वर्षभरात त्या एकवीस किलोमीटर धावल्या आणि आपला प्रश्न स्वतःच्या हातानं पुसून गेल्या. जाताना त्यांची नजर कोपऱ्यावर गेली. तेच चपट्या खडूचं अक्षर, म्हणजे शिंपीमास्तरच.

रोग्याला खोदून खोदून विचारायची त्यांची सवय. त्यांनी लिहिलं, ‘मास्तर, शर्यतीच्या आदल्या आठवड्यात काय काय करता? लपवू नका.’

तिसऱ्या दिवशी अगदी बारीक अक्षर उमटलं, ‘आधीच्या रविवारी तीस किलोमीटर धावून बघतो. पुरतील ना पाय, याची खात्री. कापायच्या आधी दोनदा मापायची सवय.’

दुपारी इथंच धावणारा एक प्लंबर आला. वाचून एकटाच खो खो हसला आणि लिहून गेला, ‘टाकी भरलीय का बघायला सगळी रिकामी केलीत की हो मास्तर!’ संध्याकाळी गोल अक्षर आलं, ‘मापून मापून कापड आखूड होत नाही. पाय होतात.’

यंदा शर्यतीच्या आधीच्या रविवारी मास्तर आलेच. माझ्याकडे पाठ करून बुटाच्या नाड्या आवळल्या. तेवढ्यात फाटकातून एक बाई आल्या, डोळे तांबारलेले, हातात भलीमोठी पिशवी.

“मास्तर का तुम्ही?”

“हो. आपण?”

“मी गोल अक्षरवाली. रात्रपाळी करून आलेय. हे वॉर्डातल्या सगळ्यांचे गणवेश. उसवलेत. आजच शिवून हवेत.”

“ताई, आज रविवार. दुकान बंद असतं.”

“म्हणून तर आणलेत.”

“जरासं पळून येतो, मग बसतो.”

“जरासं म्हणजे तीस ना?”

मास्तरांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. “फार आगाऊ आहात हं,” म्हणाले, पण पिशवी उचलली. त्या दिवशी त्यांच्या पायांनी काय केलं असेल ते शिलाई मशीनच्या पॅडलवर.

शर्यत मी पाहिली नाही. भिंत सोडून जाता येत नाही मला. तो अख्खा रविवार काढणं जड गेलं.

सोमवारी मास्तर आले. फाटकापाशी तीन पायऱ्या आहेत, त्या ते कठडा धरून उलटे उतरले. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या.

“रिव्हर्स गिअर पडला वाटतं!” प्लंबर ओरडला. सुट्टी टाकून आला होता. नर्सताईही होत्या.

“शेवटून चौथा आलो,” मास्तर म्हणाले.

“पण आलात ना?”

“आलो. बत्तिसाव्यापुढं दहा किलोमीटर नुसते खांब मोजले.”

मग चौकीदाराकडून त्यांनी ओलं फडकं मागून घेतलं. कोपरा हळूहळू पुसला, आधी ‘यंदाही’, मग वरची ओळ.

आता माझा रंग उडालाय, खालची पट्टी एका खिळ्यावर लोंबतेय. सगळे फोनवरच लिहितील असं ऐकतो. लिहू देत. पण एकमेकांना न पाहिलेली माणसं एकमेकांच्या पायांची इतकी काळजी करतात, हे मी जवळून पाहिलंय. फळकुटाच्या जन्माला आणखी काय हवं?

तिरपं ऊन आलं की त्या कोपऱ्यात अजून बारीक रेघा दिसतात. बाकी तो रिकामा आहे. तुमचं काही अडत असेल तर लिहा. मास्तरांनी एक चपटा खडू तिथंच ठेवलाय.