कुत्र्याआधी आलेली साखळी

सकाळी सव्वासात वाजता धाकटीने नवी कोरी साखळी विहिरीत टाकली.

साखळी आदल्या संध्याकाळी बाजारातून आली होती. येणाऱ्या कुत्र्यासाठी म्हणून भावजींनी, म्हणजे तिच्या थोरल्या दिराने, पिशवी भरून आणली होती. तीत जर्मनचं ताट होतं, गोचिडांची पावडर होती, जंताच्या गोळ्या होत्या आणि तळाशी बोटाएवढ्या जाड कड्यांची ही साखळी. लांडग्याला गळा धरता येऊ नये म्हणून घालतात तो काट्यांचा पट्टा तेवढा नव्हता, आणि तिने तोच एक लोहाराकडून करून आणायला सांगितला होता.

भावजी दात घासत होते. चूळ भरायची राहिली.

"पाणी प्यायची विहीर आहे ती. डोकं ठिकाणावर आहे का?"

"लोखंड आहे. विरघळणार नाही."

"आणि मोकळ्या कुत्र्याने लोकांच्या कोंबड्या धरल्या तर? दारात भांडायला येतात ते माझ्याशी, तुझ्याशी नाही."

"मागचं बांधलं होतं ना? कोंबड्या वाचल्या. आता गोठ्यात जाऊन शेळ्या मोजून या."

"आज विहीरच भुंकणार बहुतेक," स्वयंपाकघरातून थोरली जाऊ म्हणाली. कोणी हसलं नाही.

अकरा दिवसांपूर्वी पहाटे गोठ्यात लांडगे शिरले आणि तीन शेळ्या घेऊन गेले. कुत्रं साखळीला होतं, तिथेच मेलं. साखळीच्या लांबीएवढ्या गोलात माती खोल उकरलेली सापडली. गोलाबाहेर त्याचा एक पंजाही उमटला नव्हता. गळ्यात दोन बोटं रुंदीचा कापडी पट्टा होता, तो तुटून बाजूला पडला होता. उरलेल्या नऊ शेळ्या धाकटीच्या. नवरा ट्रकवर, दोन-दोन महिने घरी नसतो. तिचं आणि तिच्या मुलीचं दूध-मीठ त्या शेळ्यांवर चालतं. परवा पुन्हा ओढ्याच्या चिखलात लांडग्यांचे ठसे दिसले.

नवं कुत्रं ओढ्यापलीकडे उतरलेल्या मेंढपाळ मावशीकडे होतं. दोन वर्षांचं, कामाला तयार. मावशी कुत्रं विकत नाही, देते. पण आधी सामान बघते आणि माणूसही बघते. तिची मेंढरं दुसऱ्या दिवशी उजाडताच पुढच्या रानात निघणार होती. म्हणजे जे व्हायचं ते आजच.

नऊ वाजता धाकटी लोहाराकडे गेली.

"पट्टा झाला का?"

लोहाराने भट्टीतून मान वर केली नाही. "भावजींनी परवाच नको म्हणून सांगितलं. म्हणाले, बांधलेल्या कुत्र्याला काटे काय दागिने म्हणून घालायचे?"

ती ऐरणीसमोरच्या ओंडक्यावर बसली. "मी इथून उठत नाही."

"अहो वहिनी, चार नांगरांचे फाळ पडलेत."

"पडू देत. फाळाला कोणी खात नाही."

लोहाराने जुन्या घोड्याच्या साजाचं कातडं शोधून काढलं. "खिळे अर्ध्या बोटाचे ठेवतो. पोरंबाळं असतात, कुणाला लागेल."

"लांडग्याला लागू दे म्हणून तर करतोय. अख्ख्या बोटाचे ठेवा."

अठरा खिळे आतून बाहेर काढले. त्यांची डोकी कुत्र्याला टोचू नयेत म्हणून आतल्या बाजूने दुसरं कातडं शिवलं. दीड वाजला. तेवढ्या वेळात ती पाणी प्यायलाही उठली नाही.

तीन वाजता ती मावशीच्या मुक्कामावर पोहोचली. कुत्रं मेंढरांच्या कडेला बसलं होतं. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा मेंढरांवर नेली. मावशीने पट्टा स्वतःच्या कोपराखाली चढवला आणि गोल फिरवला.

"आतून मऊ आहे. बरं केलंय. मागचं कसं गेलं तुझं?"

"लांडग्यांनी मारलं."

"मोकळं होतं?"

"नाही."

"बांधलं कोणी?"

"भावजी म्हणाले बांध."

"म्हणालं कोण ते नाही विचारलं, पोरी."

धाकटीने पट्ट्याकडे पाहिलं. "मी बांधलं. माझ्या हाताने. रोजची कटकट नको म्हणून. ते भुंकत होतं, मला ऐकू येत होतं. दाराची कडी काढेपर्यंत गप्प झालं."

मावशीने पट्टा परत दिला. "खरं बोललीस म्हणून सांगते. बांधा म्हणणारा माणूस ज्या घरात आहे, त्या घरात मी कुत्रं देत नाही. तू आज नाही म्हणशील, महिन्याने थकशील. त्याला घेऊन ये. बांधणार नाही असं त्याने माझ्या तोंडावर म्हणावं."

"ते नाही यायचे, मावशी."

"मग पट्टा दुसऱ्या कुणाला दे."

साडेचारला ती घरी आली. भावजी विहिरीच्या काठावर गळ टाकून बसले होते. तोवर एक बुडालेली घागर आणि डब्याचं झाकण वर आलं होतं. साखळी नव्हती. तिने मावशीचा निरोप एका दमात सांगितला.

"मेंढरांमागे फिरणाऱ्या बाईपुढे मी कबुली द्यायची? एका कुत्र्यासाठी?"

"शेळ्यांसाठी."

"आणि नाही गेलो तर?"

तिने पट्टा स्वतःच्या गळ्याभोवती घेतला आणि बक्कल अडकवलं. "तर आजपासून गोठ्याच्या दारात मी झोपते. मला बांधायचं का मोकळं ठेवायचं, ते तुम्ही ठरवा."

"काढ ते," जाऊ बाहेर येत म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. त्यांच्या कोंबड्या सुखरूप आहेत."

कुंपणापलीकडे आम्ही शेजारपाजारचे पाच-सहा जण उभे होतो. त्यातल्या दोघांच्या कोंबड्या होत्या, ते आत निघून गेले. भावजींनी गळाचा दोर काठावर टाकला, हात पुसले, चपला घातल्या आणि चालू लागले.

पावणेसहाला लोहाराने त्यांना फाट्यावर पाहिलं. तिथून डावी वाट ओढ्याकडे जाते, उजवी चहाच्या दुकानाकडे. ते बराच वेळ उभे होते. लोहार दुकानाला कुलूप लावायला वळला आणि परत पाहतो तो फाटा रिकामा.

सात वाजेपर्यंत भावजी घरी आले नव्हते. चहावाला म्हणाला, त्याच्याकडे आलेच नाहीत; म्हणजे डावीच वाट धरली असणार. धाकटीने गोठ्याच्या दारात पोतं अंथरलं होतं.