कान पिरगळलेला रेडिओ

मित्रांनो, माझा उजवा कान बघा. आवाज वाढवायची खुंटी ती, आता पार सैल झाली आहे. मी एक जुना रेडिओ, आणि हा कान कुणी झिजवला तेच सांगायला बसलो आहे.

गडहिंग्लजच्या एका मास्तरांनी लेकीच्या लग्नात मला हौसेने दिलं. लेकीचं नाव संयोगिता. तिच्याबरोबर मी कोल्हापुरातल्या एका बोळात आलो. दर गुरुवारी संध्याकाळी माझ्यावर आधी भाषण, मग गाणं आणि शेवटी नाटक लागे. नाटक सुरू झालं की तिचा नवरा कृष्णात दाराला कडी घाली, माझा कान पुरता पिरगाळी आणि कमरेचा पट्टा काढी.

बोळाला वाटे, कृष्णातला नाटकाचा भारी नाद. शेजारची सुगराचाची तर कट्ट्यावर पान लावत ऐकत बसे. एका शुक्रवारी तिने कृष्णातजवळ माझी तारीफ केली. "काल नाटकातली बाई लई झ्याक रडली रं."

मित्रांनो, त्या नाटकात बाईच नव्हती. दोन म्हातारे होते आणि एक बैल. मला त्या कौतुकाची फार लाज वाटली, पण माझ्या तोंडी नेहमी दुसऱ्यांचेच शब्द.

पुढच्या गुरुवारी मधमाश्यांवरचं भाषण झालं, गाणं झालं. नाटक लागलं आणि कडी पडली. पट्ट्याचं बक्कल संयोगिताच्या भुवईवर बसलं, रक्त डोळ्यात उतरलं. त्याने केस धरून तिचं डोकं कपाटावर आपटलं. एरवी ती डोक्यावर हात घ्यायची. त्या दिवशी तिने हात माझ्याकडे नेला आणि मला बंद केलं.

पुढचा पट्टा बसला तेव्हा तिची किंकाळी एकटीच बोळात गेली.

"रेडिओ बंद हाय," बाहेर सुगराचाची म्हणाली, "मग वरडतंय कोण?"

घरातला वरवंटा आणून तिने दारावर घातला, कडी निखळेपर्यंत. कृष्णातने मला उचलून दारातल्या चाचीवर भिरकावलं. मी चौकटीवर आपटलो, माझी काच फुटली. तोवर चाचीचा मुलगा तोहिद आणि अख्खा बोळ आत घुसला. पोलीस येईपर्यंत त्यांनी कृष्णातला खाली दाबून धरलं.

सुगराचाचीने संयोगिताच्या भुवईवर पदर दाबला. "मी कट्ट्यावर बसून मान डोलवत हुतो गं, पोरी," ती म्हणाली.

आता आम्ही दोघं मास्तरांकडे असतो. गुरुवारी संयोगिता मला लावते, अगदी हळू.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसा, जपा, असं शेवटी सांगायची रीत आहे. ते राहू द्या. शेजारचा रेडिओ एकाएकी मोठा झाला, तर ऐकत बसू नका. जाऊन दार वाजवा.