फेसाचं औषध

"धर! पाय धर त्याचा!" बलभीम ओरडला आणि बाटलीतलं उरलंसुरलं औषध त्यानं रामलिंगच्या पोटरीवरच्या जखमेत ओतलं. जखम फसफसली. पांढरा फेस वर आला आणि बघता बघता लाल झाला. रामलिंगनं तोंडातला टॉवेल करकचून चावला, बाजेच्या कडेवर डोकं आपटलं. त्याचा पाय धरून बसलेली त्याची बायको दैवशाला डोळे घट्ट मिटून होती.

"फेस बग कसला येतोय," बलभीम म्हणाला. "समदी घाण निघायलीय."

"रोज निघायलीय अण्णा," रामलिंग टॉवेल काढून धापा टाकत म्हणाला. "संपतच न्हाय. माज्यात येवढी घाण हाय व्हय?"

बलभीम थोरला, रामलिंग धाकटा. मुरुम गावाच्या आसपास दोघं मिळून मेंढ्या राखत. बलभीमचा हात तोंडाआधी चालायचा. अडून बसलेला बैल, उलटं बोललेला कंडक्टर, बायको अयोध्या, सगळ्यांनी त्याचा मार खाल्लेला. लोक म्हणत, तापट आहे, पण मनानं वाईट नाही. लोकांचं काय जातंय? मार दुसऱ्याला बसतो तोवर मनानं कुणीच वाईट नसतं.

गेल्या महिन्यात रामलिंगनं भावाला न विचारता कल्याणप्पाच्या रानात मेंढ्या बसवल्या. खतासाठी लोकांच्या रानात कळप बसवणं हा त्यांचा धंदाच. पण कल्याणप्पाशी बलभीमचं जुनं वैर होतं. सकाळी कळपातच शब्दाला शब्द लागला. बलभीमच्या हातात फांद्या तोडायची कुऱ्हाड होती, ती त्यानं फिरवली. रामलिंग पळायला वळला म्हणून घाव पोटरीवर बसला, नाहीतर कुठं बसला असता कुणास ठाऊक. जवळच्या मेंढ्यांची लोकर रक्तानं भिजली. दवाखान्यात रामलिंगनं सांगितलं, "झाडावरनं कुऱ्हाड सुटली." टाके पडले, पिकले, उसवले. मग बलभीमनं मेडिकलमधून हे फसफसणारं औषध आणलं. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देईना. ज्या हातानं मारलं त्याच हातानं बरं करायचं, असा त्याचा हट्ट होता.

दैवशालानंच शेवटी उपकेंद्रातल्या शिवांजली सिस्टरला फोन केला. ती त्याच दुपारी स्कूटीवर आली. तिनं जखम पाहिली. कडा भिजलेल्या कागदासारख्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

"हे रोज ओतता?"

"मग काय बगत बसू?" बलभीम म्हणाला.

"बंद करा मामा. असंच चाललं तर पाय कापायची पाळी येईल."

रामलिंगनं दैवशालाकडं पाहिलं. मेंढपाळाचा पाय गेला म्हणजे सगळंच गेलं.

शिवांजली जखमेपाशी उकिडवी बसली. "हेच औषध आपलं शरीर स्वतः तयार करतं. जखमेच्या कडेच्या पेशी करतात, अगदी कणभर. तो त्यांचा सांगावा असतो, इथं फाटलंय, या म्हणून. तो पोचला की रक्तातल्या जंतू मारणाऱ्या पेशी तिकडं धावतात, नवी कातडी कडेनं सरकायला लागते. तुम्ही अख्खी बाटली ओतता. मग सांगावा कसला कळतोय? धावून आलेलेच जळून मरतात."

रामलिंगला एवढ्या दुखण्यातही हसू आलं. "अण्णा, आपुन शीळ घातली की मेंढरं वळत्यात. कानापाशी डबडं बडवलं तर?"

बलभीमला कळलं. कळलं म्हणूनच तो भडकला.

"मंजी म्या मारायलोय व्हय ह्याला?" त्यानं कोनाड्यातली दुसरी भरलेली बाटली उचलली आणि फेकली. ती शिवांजलीच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटली. औषध शेणानं सारवलेल्या भुईवर सांडलं आणि भुईवरही तसाच पांढरा फेस फसफसून वर आला. सगळे त्याकडं बघत राहिले.

"घ्या!" दैवशाला म्हणाली. तिनं आजवर थोरल्या दिरासमोर मान वर केली नव्हती. "आता भुईची बी घाण निघायली का? कुऱ्हाड तुमीच मारली न्हवं? त्यो बरा व्हायला लागला की रोज नव्यानं मारायलाव!"

बलभीमनं हात उगारला. रामलिंग बाजेवरून उठला आणि बायकोच्या पुढं जाऊन दुखऱ्या पायावर उभा राहिला. रक्त टाचेवरून भुईवर उतरलं.

"मार," तो म्हणाला. "पर ह्या बारीला म्या झाडाचं नाव सांगणार न्हाय."

शिवांजली जागची हलली नाही. बलभीमनं तिच्याकडं पाहिलं, भावाच्या पायाकडं पाहिलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. हात खाली घेऊन तो बाहेर निघून गेला.

त्यानंतर तो भावाच्या घराची पायरी चढला नाही. शिवांजलीनं रामलिंगला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. मिठाच्या पाण्यानं धुणं, गोळ्या, वर झाकायला पट्टी, आणि उगाच उघडून बघायचं नाही. बलभीम कळपाबरोबर रानात राही आणि भाकरी घेऊन आलेल्या अयोध्येला एकच विचारी, "भरली का?" काही न करता थांबणं त्यानं जन्मात केलं नव्हतं. ते त्याला जड गेलं, पण त्यानं केलं.

जखम भरली. रामलिंग लंगडत एकटाच कळपाकडं आला. मेंढ्यांभोवतीच्या जाळीत त्याचा पाय अडकला आणि तोल गेला. त्याला सावरायला बलभीमनं झटकन हात पुढं केला.

रामलिंगचे दोन्ही हात आपोआप वर गेले. तोंड झाकून तो खाली बसला.

क्षणभरानं त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "न्हाय अण्णा, ते आपलं... आपसूकच झालं."

"व्हय," बलभीम म्हणाला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले, थोडा मागं सरला आणि भाऊ आपला आपण उठेपर्यंत तिथंच उभा राहिला.